धारगळच्या जमिनीवर गोदाम बांधावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या धारगळला महामार्गापासून जवळ घरची तीन हजार चौरस मीटर जमीन आहे. मोपाचा विमानतळ सुरू झालाय, ऑनलाइन खरेदी वाढतच चाललीय, तेव्हा तिथे मोठं गोदाम उभारून एखाद्या ऑनलाइन कंपनीला भाड्याने द्यावं का? आणि धाकट्या भावाला कर्ज काढून बत्तीस फुटी कंटेनर गाडी घ्यायचीय, ती घेऊ द्यावी का? जाता जाता जहाजांच्या मालाचंही विचारलंत.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. मोठं गोदाम नको. लहान, वेगळ्या घाटाचं चालेल, पण भाडेकरू आधी ठरवा आणि पाया मग खणा. बत्तीस फुटी गाडी गोव्यातून बाहेर नेण्याचा माल हातात असल्याशिवाय अजिबात नको.

मी या धंद्यात २८ वर्षं आहे. मडगावला ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) लिहीत सुरुवात केली, पुढे स्वतःच्या गाड्या झाल्या, मग दक्षिण गोव्यात वेर्ण्याला गोदाम. ऑनलाइन वाढलं की माल वाढला, माल वाढला की ट्रक आणि गोदामं वाढली, असा सरळ हिशेब सगळेच मांडतात. मीही मांडला होता आणि त्याचे पैसे भरले, ते पुढे सांगतो. खरं तर माल त्या मानाने फारसा वाढत नाही. मालाचे तुकडे वाढतात. ट्रकचं आणि गोदामाचं जे काही बदललंय ते सगळं या तुकड्यांपायी.

पूर्वी मिक्सर कसा यायचा बघा. कारखान्यातून ट्रक भरून कंपनीच्या डेपोत, तिथून पंचवीस नगांची खेप म्हापशाच्या वितरकाकडे, त्याच्या टेम्पोतून चार-पाच नग दुकानात. शुक्रवारच्या बाजाराला आलेला माणूस मिक्सर स्कूटरवर पायाशी ठेवून घरी न्यायचा. दुकान ते घर हा टप्पा गिऱ्हाईक स्वतःच्या पेट्रोलवर, फुकटात पार पाडत होतं. नगामागे बघितलं तर सबंध साखळीत सगळ्यात महाग टप्पा तोच, आणि तो कुणाच्याच वहीत नव्हता. ऑनलाइनमध्ये तो विकणाऱ्याच्या गळ्यात पडला. मिक्सर तोच, वजनही तेच, पण पंचवीस नगांच्या एका बिल्टीच्या जागी पंचवीस पत्ते, पंचवीस लेबलं, पंचवीस फोन. वर त्यातले दोन-तीन नग परत येणार, ते वेगळेच.

ट्रकच्या अंगाने बघू. जुना गाडीवाला विचारतो, किती टन? ऑनलाइनवाला विचारतो, किती घनफूट? बत्तीस फुटी कंटेनर आतून साधारण ३२ बाय ८ बाय ८ धरला तर दोन हजार घनफुटांच्या वर जागा होते. सिंगल ॲक्सल (मागे एकच आस असलेल्या) गाडीत तांदूळ भरायला घेतला तर गुडघाभर थरातच तिचं वजन संपतं. तीच गाडी पार्सलांनी भरा. खोकी छताला टेकतात तरी वजनकाट्यावर गाडी हलकीच. म्हणजे टनांत माल जेवढा वाढतो त्याहून गाड्या जास्त लागतात. गाडीवाल्याला हे बरं वाटतं, पण भाडं देणाराही हुशार असतो. म्हणूनच आकारमानाचं वजन लावतात. ६० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरच्या खोक्यात दोन किलोची उशी असेल, तर लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार ७२ हजार, त्याला ५००० ने भागलं की १४.४ किलो. हवाई कुरिअरला हा ५००० चा भाजक सर्रास चालतो. रस्त्याच्या मालाला कंपनीगणिक वेगळा. दोन किलोच्या उशीला चौदा किलोंचं भाडं. हे नवीन विक्रेत्यांना कळत नाही, आणि महिनाअखेरीस बिल आलं की कुरिअरवाला लुटतो म्हणून ओरड सुरू होते. लूट नसते ती. तुम्ही हवा पाठवलीत, त्याने हवेचं भाडं घेतलं.

आणखी एक परिणाम फारसा कुणी मोजत नाही. ऑनलाइनच्या धसक्याने दुकानदार माल साठवायला कचरतो. म्हापशाचा भांड्यांचा व्यापारी पूर्वी चवथीच्या आधी अर्धा ट्रक भरून मागवायचा. आता आठवड्याला दहा-दहा खोकी मागवतो, मॉडेल जुनं झालं तर गळ्यात पडू नये म्हणून. पूर्ण ट्रकचं गिऱ्हाईक असं पार्ट लोडचं, म्हणजे ट्रकमधल्या थोड्या जागेचं झालं. माझ्या बुकिंगमध्ये बिल्ट्या वाढल्या आणि बिल्टीमागचं वजन उतरलं. ही वाढ ऑनलाइनमुळेच, पण ऑनलाइनच्या खात्यात कुठेच दिसत नाही.

आता गोदाम. दुकानांना माल पुरवणाऱ्या गोदामात खोक्यावर खोकं रचता येतं, कारण बाहेर जाताना अख्खं खोकंच जातं. ऑनलाइनच्या गोदामात एकेक नग उचलायचा असतो. त्यासाठी रॅक, रॅकांमध्ये माणूस फिरायला वाट, पॅकिंगची टेबलं, पट्ट्यांचे आणि रिकाम्या खोक्यांचे ढीग, परत आलेला माल तपासायला वेगळा कोपरा. तेवढ्याच विक्रीला जागा कितीतरी जास्त लागते. प्रोलॉजिस ही मोठी अमेरिकी गोदाम कंपनी हा फरक सुमारे तिपटीचा सांगत आलीय. तेव्हा ऑनलाइन वाढलं की गोदामांची मागणी वाढते, यात वाद नाही. वाद आहे तो कुठे वाढते यावर, आणि तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे.

गोव्यात ही गोष्ट आधी उलटी घडली. २०१७ पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा. कंपनीने स्वतःच्याच डेपोत माल हलवला तर एफ फॉर्म नावाच्या कागदावर तो टळायचा. म्हणून बिस्किटवाल्यापासून रंगवाल्यापर्यंत प्रत्येकाचा गोव्यात एक डेपो आणि एक सी अँड एफ एजंट (कंपनीचा माल ठेवून पुढे पाठवणारा) असायचा. आमच्यासारख्या कितीकांची घरं त्यावर चालली. ती गोदामं गोव्याच्या खपासाठी नव्हती, कराच्या कागदासाठी होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कारणच संपलं. कंपन्यांनी डेपो गुंडाळून बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, भिवंडीकडे एकत्र केले. माझं वेर्ण्याचं गोदाम २०१८ मध्ये नऊ महिने रिकामं होतं. रोज संध्याकाळी जाऊन कुलूप ओढून बघायचो, एवढंच काम.

मग ऑनलाइन कंपन्यांनी ती रिकामी जागा का नाही भरली? कारण गोवा एका रात्रीच्या पल्ल्यावर आहे. भिवंडी ते पणजी साधारण सहाशे किलोमीटर, बंगळूरहूनही जवळजवळ तेवढंच. भिवंडीतून संध्याकाळी सुटलेली गाडी घाट उतरून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोव्यात लागते. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली तेव्हा पहिलं मोठं गोदाम भिवंडीतच घेतलं, ते उगाच नाही. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक, न्हावा शेवा बंदर आणि देशभर जाणारे ट्रक, सगळं तिथे एकत्र येतं. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार. बंगळूर शहराचीच तेव्हा ८४ लाखांवर होती. एवढ्या लहान खपासाठी मोठं गोदाम उघडायचं तर तिथे प्रत्येक वस्तूचा साठा नव्याने ठेवावा लागतो. समजा, आठ नंबरचा निळा बूट गोव्यात महिन्याला एक खपतो. तो वेर्ण्याला ठेवला तर रॅकवर महिनाभर पडून. तोच भिवंडीत असेल तर त्याच्यावर मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा सगळ्यांचा हक्क, आठवड्यात गेला. म्हणून हळू खपणारा माल दूर आणि एकाच ठिकाणी, झपाट्याने खपणारा माल जवळ आणि पुष्कळ ठिकाणी. सगळ्या ऑनलाइन गोदामशास्त्राचा गाभा एवढाच, बाकी सॉफ्टवेअर.

त्यामुळे गोव्याच्या वाट्याला मोठं साठवणुकीचं गोदाम येत नाही; तीन प्रकारच्या लहान जागा येतात. पहिली, रात्रीची गाडी सकाळी येते, पार्सलं पिनकोडवार लागतात आणि मुलं दुचाकीवर घेऊन जातात, ती. कंपन्या तिला डिलिव्हरी स्टेशन म्हणतात, आमच्यात सगळे हबच म्हणतात. तीन हजारांपासून दहा हजार चौरस फुटांपर्यंत. माल तिथे राहत नाही. रात्री हब रिकामा दिसला की काम नीट झालं. दुसरी, दहा-पंधरा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्यांची बंद दुकानं. तीन-चार हजार फूट, पण दाट वस्तीतच. पणजी, पर्वरी, मडगाव, फार तर म्हापसा. धारगळला ती इतक्यात येणार नाहीत. तिसरी, सोफा, फ्रिज, गाद्या अशा अवजड मालाची. हिच्याबद्दल लोक कमी बोलतात, पण तुमच्या भागासाठी मला हीच महत्त्वाची वाटते.

कारण आसगाव, शिवोलीपासून मोरजी, मांद्रे, हरमलपर्यंत बघा काय चाललंय. बाहेरच्या लोकांची दुसरी घरं, व्हिला, भाड्याच्या खोल्या. एका व्हिलाला आठ गाद्या, सहा एसी, चार फ्रिज. हा माल दुचाकीवर जात नाही. त्याला टेम्पो लागतो, दोन माणसं लागतात, जिना चढवून पेटी उघडून दाखवावी लागते, आणि मालक दिल्लीत असतो म्हणून केअरटेकरच्या वेळेप्रमाणे दोन-दोन दिवस माल ठेवून घ्यावा लागतो. तो ठेवायला जागा हवी. महामार्गाच्या बाजूला, किनाऱ्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. धारगळ त्यात बसतं.

तुमच्या जमिनीचा हिशेब करू. एक लाख चौरस फुटांचं गोदाम म्हणजे जवळजवळ ९३०० चौरस मीटर नुसतं छप्पर. तुमची सगळी जमीन छपराखाली घेतली तरी तिसरा हिस्सा होतो. कडेने सोडायची जागा, गाडी वळायची जागा आणि पार्किंग वजा केलं की हाती दहा-बारा हजार चौरस फुटांचं बांधकाम उरेल. हबला किंवा अवजड मालाला हे पुष्कळ. पण ‘वेगळ्या घाटाचं’ म्हणालो ते यासाठी: हबमध्ये डॉकपेक्षा (ट्रक मागून लावून माल उतरवायच्या ओट्यापेक्षा) दुचाक्यांची जागा जास्त लागते. एक मुलगा दिवसाला पन्नास ते सत्तर पार्सलं वाटतो. दिवसाला दीड हजार पार्सलं असतील तर पंचवीस मुलं, पंचवीस दुचाक्या, सकाळी आठला सगळ्या एकदम दारात. त्यांना सावली हवी, शौचालय हवं, पाणी हवं, विजेच्या तीनचाकींना चार्जिंग हवं. आपल्याकडे गोदाम म्हटलं की शटर आणि चार भिंती डोळ्यांसमोर येतात. माणसांचा विचार बांधून झाल्यावर सुचतो, आणि मग शेजाऱ्याच्या माडाखाली दुचाक्या लागतात आणि भांडण पंचायतीत जातं.

दुसऱ्या बाजूला बत्तीस फुटी गाडीही आत यायला हवी. डॉकसमोर निदान सोळा-सतरा मीटर मोकळं आवार ठेवा. डॉकची उंची चार फूट, पण इमारतीची एक बाजू जमिनीलगत ठेवा, टेम्पो आणि दुचाकींसाठी. यात मी स्वतः मार खाल्लाय. २०२१ मध्ये वेर्ण्याजवळ दुसरं शेड बांधलं, उंची चांगली, फरशी चांगली. एका कंपनीचा माणूस टेप घेऊन आला, फाटकापासून डॉकपर्यंत मोजलं, म्हणाला, ‘गाडी रिव्हर्स कुठून घेणार?’ चहासुद्धा न घेता गेला. फाटक मी वास्तूच्या सल्ल्याने ईशान्येला ठेवलं होतं. पुढे कुंपणाची भिंत पाडून नवं फाटक केलं.

पावसाचंही तसंच. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भिवंडीच्या नकाशावर बेतलेलं शेड इथे आणलं तर जुलैत खोकी मऊ पडतात, खालच्या थराची कड बसते आणि वरचं सगळं कलतं. पत्र्याला उतार जास्त, पन्हळ मोठी, जोत्याची उंची गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या पुराला धरून.

मोपाबद्दल लोकांच्या मनात फार मोठं चित्र आहे. विमानतळावरून प्रवासी उड्डाणं जानेवारी २०२३ पासून सुरू झाली, महामार्गाचा जोडरस्ताही २०२४ मध्ये खुला झाला, आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. पण विमानाने येणारं पार्सल हलकं आणि महाग असतं: मोबाइल, औषधं, कागदपत्रं. ते टर्मिनलवर काही तास थांबतं आणि थेट हबला जातं. त्याच्यासाठी शेजारी मोठं गोदाम लागत नाही. तिथल्या जमिनीचा भाव हॉटेलांनी वाढवलाय, आणि हॉटेलच्या भावाने घेतलेल्या जमिनीवर गोदामाचं भाडं कधीच परवडत नाही. तुमची घरची जमीन आहे हाच तुमचा खरा फायदा.

त्यापेक्षा मोठा बदल झुआरीच्या नव्या पुलाने केला. जुन्या पुलावर अवजड वाहनांना निर्बंध होते, गाड्या बोरी-फोंड्यावरून फिरायच्या. त्यामुळे उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी दोन ठाणी ठेवावी लागायची. डिसेंबर २०२२ मध्ये नवा पूल उघडायला लागला, आणि आता वेर्ण्याहून म्हापशाला जायला कुणी विचार करत नाही. याचा अर्थ तुमची स्पर्धा पेडण्यातल्या शेजाऱ्याशी नाही. वेर्ण्याशी आणि थिवीच्या औद्योगिक वसाहतीशी आहे, जिथे झोनचा, म्हणजे जमीन कशासाठी वापरता येते याचा प्रश्न आधीच सुटलेला असतो.

जहाजांचं विचारलं होतंत म्हणून दोन वाक्यं. मुरगाव बंदर कोळसा आणि खनिजाचं. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांचे कंटेनर बहुतेक न्हावा शेव्यालाच जातात. २०२०-२१ मध्ये घरबसल्या खरेदीने जगभर कंटेनरांची ओढाताण झाली, त्यात मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं, आणि इथल्या निर्यातदारांना रिकामा कंटेनर मिळवताना घाम फुटला. पण त्या लाटा तुमच्या जमिनीपर्यंत पोचत नाहीत.

आता भावाची गाडी. गोवा खाणारं राज्य आहे. येताना गाड्या भरून येतात, जाताना रिकाम्या. खनिज सोडलं तर बाहेर जायला औषधं, मासळी, काजू, दारू, थोडे कारखान्यांचे भाग. म्हणून गोव्यात येणाऱ्या गाडीच्या भाड्यात परतीचा रिकामा पल्ला धरलेला असतो, आणि गोव्यातून माल मिळवण्यासाठी उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीपासून दक्षिण सीमेवरच्या पोळेपर्यंत सगळे गाडीवाले भाव पाडून उभे असतात. धारगळ-भिवंडी-धारगळ बाराशे किलोमीटर. बत्तीस फुटी गाडी लिटरला साडेपाच किलोमीटर देते असं धरा, डिझेल ९० रुपये धरा. नुसतं डिझेल वीस हजारांच्या आसपास. टोल, ड्रायव्हर, टायर आणि हप्ता त्यावर. एका बाजूच्या भाड्यात हे निघत नाही.

पार्सल परतीला मिळतं, नाही असं नाही. परत आलेला माल भिवंडीला जातोच, आणि गोव्यात तो जरा जास्तच असतो. पर्यटक हॉटेलचा पत्ता देतो, चौथ्या दिवशी निघून जातो, पार्सल पाचव्या दिवशी येतं. रिसेप्शनवाला सांगतो, ‘सायबा, तो काल गेलो.’ त्यात पैसे हातात घेऊन द्यायचं पार्सल असेल तर आणखीच वैताग. दिवाडी, चोडणला मुलगा फेरीबोटीतून जाऊन रिकाम्या हाताने परतला की अर्धा दिवस गेला. पत्तेही आमचे असे: चर्चीच्या मागे, आंब्याकडे, जुना घर क्रमांक. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन हा जागा नेमकी दाखवणारा दहा अक्षरांचा संकेतांक आणला, तो रुळला तर बरंच सुधारेल. तर हा परतीचा माल आहे, पण त्याचं भाडं कंपनी आधीच जाण्यायेण्याच्या कंत्राटात धरते. वेगळं काही देत नाही.

२०१९ च्या दिवाळीच्या सेलआधी मी दोन बत्तीस फुटी गाड्या कर्जावर घेतल्या. एका मोठ्या कुरिअर कंपनीचं काम, मधल्या वेंडरमार्फत. सप्टेंबर ते नोव्हेंबर गाड्या थांबल्या नाहीत, मी पेढे वाटले. नोव्हेंबरच्या मध्याला फोन आला, ‘व्हॉल्यूम कमी झालंय, एक गाडी काढतोय.’ जानेवारीत दुसरी. बिलं पंचाहत्तर दिवसांनी, बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला. अनमोड घाटात एकदा गाडी अडकली, नऊ तास उशीर, त्याचा दंडही आमच्याच बिलातून. मार्चमध्ये लॉकडाऊन. एक गाडी तोट्यात विकली. दुसरी वाचली ती औषध कारखान्याच्या मालावर: वेर्णा ते भिवंडी औषधांची खोकी, येताना पार्सल. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी पार्सलांना मुख्य माल धरलं होतं आणि परतीचा माल शोधत बसलो होतो. गोव्यातल्या गाडीवाल्याने बाहेर जाणारा माल आधी बांधून घ्यायचा असतो. ऑनलाइनचा माल हा परतीचा माल. भावाला एखाद्या कारखान्याचं वर्षाचं पत्र मिळत असेल तर गाडी घेऊ दे. नसेल तर लहान टेम्पो घ्या आणि अवजड मालाच्या वाटपाला लावा. किनारपट्टीवर दोन माणसांनी नीट सामान चढवून देणारा टेम्पो शोधून मिळत नाही.

जाता जाता, खाण बंद पडल्यावर, २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला, डिचोली-साखळीकडचे टिप्परवाले मला विचारायचे, ऑनलाइनचा माल आम्हाला मिळेल का? वाईट वाटायचं. टिप्परला छप्पर नाही, कुलूप नाही, पार्सल त्यात पहिल्या सरीला भिजणार. गाडी एका मालासाठी जन्माला येते. बत्तीस फुटी कंटेनरचंही तेच. पार्सल गेलं तर तुम्ही त्यात चिरे भरू शकत नाही.

गोदामाच्या करारात याच कारणाने दबून राहू नका. ॲमेझॉनने कोविडच्या दोन वर्षांत आपलं गोदामांचं जाळं जवळजवळ दुप्पट केलं आणि २०२२ मध्ये स्वतःच कबूल केलं की जागा जास्त झाली. एवढी आकडेवारी हाताशी असणाऱ्यांचा अंदाज चुकतो, तर आपला चुकणारच. कंपनी नऊ वर्षांचा करार दाखवते, पण तिला बांधून ठेवणारा लॉक-इन दोन-तीन वर्षांचाच असतो. बांधकामाचा किती खर्च त्या लॉक-इनमध्ये वसूल होतो ते बघा आणि उरलेल्यासाठी दुसरा भाडेकरू चालेल अशी इमारत बांधा. मधोमध भिंत घालता येईल असे दोन भाग, दोन वीजमीटर, दोन दारं. एका भागात हब, दुसऱ्यात किराण्याचा किंवा औषधांचा वितरक. ऑनलाइनवाला गेला तरी वितरक राहतो. भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी बोलून घ्या, नंतर कटकट होते.

आणि सगळ्याच्या आधी कागद. जमीन कुठल्या झोनमध्ये आहे? ऑर्चर्ड (बागायती) किंवा भातशेतीची असेल तर तिथेच थांबा. ‘करून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. सेटलमेंट (वस्तीची) किंवा औद्योगिक असेल तर सनद (जमिनीचा वापर बदलल्याचा दाखला), नगरनियोजन खात्याची मंजुरी, पंचायतीचा परवाना, अग्निशमनचा दाखला, ऑक्युपन्सी (इमारत वापरायचा दाखला). कंपनीचा वकील सगळ्यात आधी सनद मागतो. कूळ-मुंडकाराची (जमीन कसणाऱ्याची किंवा तिच्यावर घर करून राहणाऱ्याची) नोंद असेल तर तीही आत्ताच उकरून काढा, करारावर सह्या होताना नको. हे सगळं होईपर्यंत म्हापसा-पेडणे पट्ट्यात हब चालवणाऱ्या दोन-तीन कंपन्यांच्या जागा बघणाऱ्या माणसांना जमिनीचा नकाशा पाठवून ठेवा. त्यांच्याकडून जागेची गरज लेखी आली, की तिच्या मापाने इमारत काढा.

सर्व्हे प्लॅनची आणि एक-चौदाच्या उताऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) प्रत मला पाठवा. बघायला मी जुलैत येतो, चांगला पाऊस लागला की. महामार्गाचं पाणी तुमच्या जमिनीत उतरतं की बाजूने जातं, ते उन्हाळ्यात दिसत नाही.